लिलावाच्या पानावरील मौन

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातील पिएर ओमिड्यार या तरुण संगणकतज्ज्ञाने इंटरनेटवर लिलावाचे एक साधे पान सुरू केले. 'ईबे' या नावाने पुढे जगभर पसरलेल्या व्यवसायाचा तो मुहूर्त होता. मुहूर्ताला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर. तो मोडका असल्याचे वर्णनात स्पष्ट लिहिले होते, तरी बोली चढत गेली आणि १४ डॉलर ८३ सेंटना सौदा पटला. वस्तू चालत नाही हे ध्यानात आले आहे ना, असे ओमिड्यार यांनी ग्राहकाला मुद्दाम विचारले. तेव्हा मोडके लेसर पॉइंटर जमवण्याचाच आपला छंद असल्याचे त्याने कळवले.

ही हकीकत आजवर गंमत म्हणूनच सांगितली गेली आहे. पेढीवर बसणाऱ्या माणसाला मात्र तिच्यात गमतीपेक्षा चोख व्यवहार अधिक दिसेल. मालात खोट होती, ती सांगितलेली होती आणि घेणारा ती जाणून घेत होता. ऑनलाइन लिलावांतील ज्या विचित्र जाहिराती तोंडोतोंडी फिरतात, त्यांतील बऱ्याच याच जातीच्या आहेत. फ्लोरिडातील एका बाईंनी दहा वर्षे जपून ठेवलेले, एक घास खाल्लेले चीज सँडविच २००४ मध्ये लिलावाला काढले. भाजलेल्या पावावर मेरीमातेचा चेहरा उमटला आहे, असा त्यांचा दावा होता. ईबेने ती जाहिरात थट्टा समजून आधी काढून टाकली, मग पुन्हा लावू दिली. आणि एका ऑनलाइन जुगारगृहाने २८,००० डॉलर मोजून तो शिळा तुकडा विकत घेतला. जुगारगृहाला पाव नको होता, गाजावाजा हवा होता, आणि तो त्याला स्वस्तात मिळाला. त्याआधी १९९९ मध्ये कोणीतरी मानवी मूत्रपिंड लिलावाला ठेवले होते. बोली ५७ लाख डॉलरवर गेल्यानंतर ते पान हटवण्यात आले, कारण अवयवांची विक्री अमेरिकेत १९८४ पासूनच गुन्हा आहे. असल्या जाहिराती डोळ्यांत भरतात आणि म्हणूनच त्यांत फसण्याचा संभव थोडा. खरा धोका असतो तो नीटनेटक्या, काहीशा कंटाळवाण्या वर्णनांत.

महाराष्ट्रातील बाजारांत लिलाव ही नवी गोष्ट नव्हे. रुमालाखाली हात घालून, बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची पद्धत फळबाजारात हापूसच्या पेट्यांसाठी वर्षानुवर्षे चालत आली. शेतकऱ्याला भाव कळत नाही म्हणून तिच्यावर टीका झाली, आणि ती टीका रास्तच होती. परंतु त्या पद्धतीत एक गोष्ट निश्चित होती: भाव झाकलेला असला तरी माल उघडा असे. पेटी उघडून, गवत बाजूला सारून, फळ हातात घेऊन पाहिल्याखेरीज कोणी रुमालाखाली हात घालत नसे. ऑनलाइन लिलावाने नेमके याच्या उलट केले. भाव साऱ्या जगाला दिसतो आणि माल झाकलेला राहतो. त्या मालावरचा रुमाल म्हणजे विकणाऱ्याने लिहिलेल्या चार ओळी आणि त्याने निवडलेली चार छायाचित्रे.

या रुमालाखाली काय चालते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मे २००० मधील आहे. ईबेवर एक मोठे अमूर्त चित्र विक्रीस आले. सुरुवातीची बोली होती अवघी २५ सेंट. विकणाऱ्याने लिहिले होते की हे चित्र बर्कलीमधील एका घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाले. बायको ते घरात लावू देत नाही. मुलाच्या तीनचाकीचा धक्का लागून त्याला एक भोकही पडले आहे. चित्रकाराचे नाव कोठेही नव्हते. मात्र छायाचित्रांत चित्राच्या कोपऱ्यातील दोन आद्याक्षरे आणि एक आकडा दिसत होता: 'आर. डी. ५२'.

रिचर्ड डीबेनकॉर्न हे कॅलिफोर्नियाचे नामवंत चित्रकार १९९३ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या चित्रांना फार मोठ्या किमती येत, आणि ते आपल्या चित्रांवर अशीच आद्याक्षरे व साल टाकत. ज्यांना हे ठाऊक होते, त्यांनी वर्णन वाचले आणि त्यांच्या मनात एकच विचार आला: विकणाऱ्या बापड्याला आपल्या हाती काय लागले आहे याची कल्पना नाही. दहा दिवसांत बोली १,३५,८०५ डॉलरवर पोहोचली. त्या वेळच्या दराने ही रक्कम साठ लाख रुपयांच्या घरात जाते. नेदरलँड्समधील एका गृहस्थाची बोली अखेरची ठरली.

पुढे वृत्तपत्रांनी चौकशी केली तेव्हा एकेक पदर उलगडत गेला. विकणारे केनेथ वॉल्टन हे कॅलिफोर्नियातील वकील होते. त्यांना बायको नव्हती आणि मूलही नव्हते. चित्र जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेले होते, आणि कोपऱ्यातील ती आद्याक्षरे त्यांनी स्वतःच रंगवली होती. शिवाय याच लिलावात दुसऱ्या नावाने त्यांनी स्वतः बोली लावली होती. त्याच कारणावरून ईबेने तो सौदा रद्द केला. तपासात त्यांचे दोन साथीदार आणि चाळीसहून अधिक बनावट खाती उघडकीस आली. या खात्यांवरून तिघे एकमेकांच्या लिलावांत बोली चढवत असत. वॉल्टन यांनी २००१ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि पुढे या प्रकरणावर एक पुस्तकही लिहिले.

या कथेत अमेरिकी पोलिसांना रस होता तो खोट्या बोलीत. व्यापाऱ्याने पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. 'हे डीबेनकॉर्न यांचे चित्र आहे' असे वॉल्टन यांनी लिहिले असते, तर पहिल्याच दिवशी शंभर जाणकारांनी पुरावा मागितला असता. त्यांनी लिहिले नाही, म्हणून कोणी विचारले नाही. उलट, विचारले तर विकणारा सावध होईल आणि घबाड हातचे जाईल, या भीतीने ग्राहकच गप्प बसले. अडाणी विक्रेत्याच्या अज्ञानाचा लाभ उठवावा, ही ग्राहकाच्या मनातील अभिलाषा हेच या जाहिरातीचे खरे भांडवल होते. बायको, मूल आणि तीनचाकी ही पात्रे त्या अभिलाषेला खतपाणी घालण्यासाठी उभी केलेली होती. जुन्या बाजारात 'आजोबांच्या पेटीत सापडले, मला यातले काही कळत नाही' असे सांगून नाणी विकणारे विक्रेते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

खोट्या बोलीची यंत्रणाही समजून घेण्याजोगी आहे. ईबेसारख्या ठिकाणी ग्राहक आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो, आणि त्याच्या वतीने यंत्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून जराशीच चढी बोली लावत जाते. समजा, एकाची कमाल तयारी १०,००० रुपयांची आहे आणि दुसऱ्याची ४,००० ची. सौदा ४,००० च्या किंचित वर थांबायला हवा. तेवढ्यात विक्रेत्याचा मित्र ९,००० ची बोली लावतो, आणि खऱ्या ग्राहकाला त्याच वस्तूचे ९,००० हून अधिक मोजावे लागतात. पानावर सारे काही स्पर्धेसारखेच दिसते. भारतातील १९३० च्या मालविक्री कायद्याने हा प्रकार इंटरनेटच्या कितीतरी आधी ओळखला होता. त्यातील कलम ६४ नुसार, आगाऊ जाहीर न करता विक्रेत्याने स्वतः किंवा कोणाकरवी बोली लावणे बेकायदेशीर ठरते आणि ग्राहकाला तो सौदा कपटाचा मानता येतो.

मौनाबद्दल मात्र कायदा बराच सैल आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७ मध्ये 'कपट' म्हणजे काय हे सांगितले आहे, आणि त्याखाली जे दाखले दिले आहेत त्यांतला पहिलाच लिलावाचा आहे. एक मनुष्य आपला घोडा लिलावाने विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. लगेच पुढच्या दाखल्यात घेणारी व्यक्ती म्हणजे विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तेथे मात्र नात्यामुळे खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने हा दाखला लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर निदान घोडा तरी उभा होता. ग्राहकाला त्याचे दात मोजता येत होते, चाल पाहता येत होती. आज त्या घोड्याचे केवळ छायाचित्र समोर येते.

छायाचित्राचेच एक प्रकरण इंग्लंडमध्ये घडले. डिसेंबर २०१३ मध्ये नॉटिंगहॅममधील एका तरुणाने आपल्या लहान मुलासाठी एक्सबॉक्स वन हे खेळाचे यंत्र ईबेवरून ४५० पौंडांना घेतले. टपालाने आले ते त्या यंत्राचे छायाचित्र. वर्णन पुन्हा वाचले तर त्यात 'छायाचित्र' हा शब्द होताच, परंतु जाहिरात खेळांच्या यंत्रांच्या विभागात लावलेली होती आणि किंमतही यंत्राचीच होती. वर्णनातला शब्द न शब्द खरा होता, आणि तरी सौदा खोटा होता. या तरुणाला पैसे परत मिळाले. रिकामी खोकी, वापरून झालेल्या बाटल्या, 'फक्त वेष्टन' अशा शब्दांत विकला जाणारा माल याच वर्गातला. येथे फसवणूक वाक्यात नसते. शीर्षक कोणते, विभाग कोणता, पहिले छायाचित्र कोणते आणि किंमत किती, या जुळणीत ती असते. घाईने वाचणारा वाक्य वाचतच नाही, तो जुळणी वाचतो.

सराफी आणि जवाहिराच्या धंद्यातील कुटुंबांना शब्दांचा हा खेळ परका नाही. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी औषधालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. 'अमेरिकन डायमंड' हा हिरा नव्हे, तो कारखान्यात घडवलेला क्युबिक झिरकोनियाचा खडा. 'वन ग्रॅम गोल्ड' म्हणजे सोन्याचा पातळ मुलामा. दुकानाच्या गल्ल्यावर या नावांनी कोणी फसत नाही, कारण भाव आणि नाव दोन्ही सर्वांना माहीत असतात, आणि ग्राहकाने भाबडेपणाने विचारलेच तर नोकर हसून खरे सांगतो. तेच नाव लिलावाच्या पानावर चढले आणि दुसऱ्या देशातील एखाद्या बाईंनी ते वाचले, म्हणजे त्यांच्या लेखी 'सिल्व्हर' म्हणजे चांदीच. विकणाऱ्याने रूढ नावच वापरले असते, पण ते नाव ज्या सामायिक जाणिवेवर उभे होते ती जाणीव मालाबरोबर प्रवास करत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' वेगळा सांगितलेला आहे, तो अस्सलाच्या नावाने नक्कल खपवण्याच्या याच प्रकाराला. सोन्याच्या बाबतीत भारतात आता निदान एक पडताळा हाताशी आहे. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक बंधनकारक झाला असून, भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो तपासता येतो. छायाचित्रात तो क्रमांक वाचता येईल इतका स्पष्ट दाखवा, अशी मागणी करणाऱ्या ग्राहकाला विक्रेता काय उत्तर देतो, यावरून पुष्कळ कळते.

बनावट मालाची जबाबदारी बाजार भरवणाऱ्याची की विकणाऱ्याची, हा प्रश्न अमेरिकेत चांदीच्याच दागिन्यांवरून न्यायालयात गेला. न्यूयॉर्कच्या टिफनी या जुन्या जवाहिरी पेढीने २००४ मध्ये ईबेवर दावा लावला. टिफनीने त्या वर्षी ईबेवरून आपल्या नावाचे चांदीचे दागिने नमुन्यादाखल विकत घेतले, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश बनावट निघाले. नमुना घेण्याच्या पद्धतीत दोष असल्याचे न्यायालयाने नोंदवले, तरी बनावट माल मोठ्या प्रमाणात विकला जात होता हे मान्य केले. निकाल मात्र २००८ मध्ये ईबेच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये अपिलातही मुख्यतः तोच टिकला. अमुक जाहिरात खोटी आहे असे नेमके कळवल्यावर ती काढणे एवढे बाजारचालकाचे काम; आपल्या बाजारात खोटा माल येतो अशी त्याला सर्वसाधारण कल्पना असणे तेवढ्याने त्याच्यावर दायित्व येत नाही. थोडक्यात, जत्रेत ज्याची जागा आहे तो प्रत्येक पाल उचकून पाहायला बांधील नाही. ज्याच्या नावाची नक्कल होते त्याने पहारा करावा, आणि ज्याचे पैसे जातात त्याने डोळे उघडे ठेवावेत.

भारतात ऑनलाइन लिलावाचे 'बाझी' हे संकेतस्थळ २००० मध्ये सुरू झाले. २००४ मध्ये ते ईबेने घेतले, आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद पडले. त्यामुळे ही सारी हकीकत परदेशातली, असे काहींना वाटेल. वस्तुतः व्यापारी कुटुंबांचा ऑनलाइन लिलावाशी येणारा संबंध आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. फक्त त्यातल्या वस्तू बदलल्या आहेत. थकलेल्या कर्जापोटी बँकांनी जप्त केलेले गाळे, सदनिका, गोदामे आणि कारखान्यांचे भूखंड यांचा लिलाव आता संकेतस्थळावरच होतो. बाजारभावापेक्षा कमी राखीव किंमत पाहून मुलासाठी गाळा घ्यावा, असे अनेकांच्या मनात येते. येथे बोली लावणारे खोटे नसतात, विकणारी संस्था खोटे बोलत नाही, आणि तरीही या पानावरील वर्णन सर्वांत काळजीपूर्वक वाचावे लागते.

'आहे तेथे, आहे तसे, जे आहे ते' ही तीन पदे अशा प्रत्येक सूचनेत असतात. त्यांचा अर्थ एवढाच की करार कायद्यातील त्या घोड्याची खोट शोधणे हे घेणाऱ्याचे काम. त्याच्या खाली बारीक अक्षरांत ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो. 'सांकेतिक ताबा' असे असेल, तर बँकेने दारावर सूचना चिकटवलेली आहे, पण आत जुना मालक किंवा भाडेकरू राहत असू शकतो. त्याला बाहेर काढण्यात किती महिने जातील हे पानावर लिहिलेले नसते. छायाचित्र असते ते इमारतीच्या दर्शनी भागाचे. मालमत्तेवरील बोजा सूचनेत नमूद करण्याचे बंधन बँकेवर आहे, पण नियमातील शब्द आहेत बँकेला 'ज्ञात' असलेला बोजा. 'बोजा: ज्ञात नाही' हे वाक्य 'बोजा नाही' असे वाचणारे लोक थोडे नाहीत.

आणि पैशाचे वेळापत्रक कडक असते. अंतिम बोली ज्याची ठरेल त्याला त्याच दिवशी, किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून पंचवीस टक्के रक्कम भरावी लागते. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायचे. लेखी मुदतवाढ मिळालीच तर तिलाही मर्यादा आहे. घरी आल्यावर कागद पाहून शंका आली, कर्ज मंजूर झाले नाही, भावाभावांत मतभेद झाला, यांपैकी कोणत्याही कारणाने रक्कम थांबली तर भरलेले पंचवीस टक्के जप्त होतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मधील एका निकालात ही जप्ती वैध ठरवली. साठ लाखांच्या गाळ्यात हे पंधरा लाख रुपये होतात, आणि ते एका वाक्याच्या घाईगर्दीच्या वाचनात जातात.

कागदोपत्री तपासाची वाट व्यापाऱ्याला नवी नाही. दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक दोन, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, तारण-नोंदींची केंद्रीय नोंदवही हे सारे वकील पाहतो. वकील जे पाहत नाही ते म्हणजे जागा. सूचनेत पाहणीची एक तारीख दिलेली असते आणि पुष्कळ ग्राहक त्या दिवशी जात नाहीत, कारण छायाचित्र पाहिलेले असते. जो जातो त्याला सोसायटीच्या कार्यालयात देखभाल खर्चाची थकबाकी कळते, पहारेकऱ्याकडून आत कोण राहतो ते कळते, आणि भिंतीची ओल दिसते. विजेच्या थकबाकीचा प्रश्न तर मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. 'आहे तेथे, आहे तसे' या अटीवर लिलावात मालमत्ता घेतलेल्यांकडे जुन्या मालकाचे वीजबिल मागण्यात आले होते, आणि ते भरल्याखेरीज नवी जोडणी न देण्याचा वीज कंपन्यांचा नियम न्यायालयाने ग्राह्य धरला. बंद पडलेल्या कारखान्यात ही थकबाकी लाखांत असते. ती विचारायला महावितरणच्या कार्यालयात जाण्यासाठी मीटरचा क्रमांक लागतो. लिलावाच्या पानावर तो बहुधा नसतो. जागेवर, जिन्याखालच्या मीटरपेटीत, तो वाचता येतो.